अलास्का क्रूझवर आई-बाबांना झेपेल आणि खिशालाही परवडेल असं किनाऱ्यावर काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिएटलमध्ये राहणारं एक जोडपं जुलैच्या अखेरीस पुण्याहून येणाऱ्या आई-बाबांना घेऊन सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर निघालंय. बाबांचा एक गुडघा बदललेला, दुसरा कुरकुरणारा. आईंना चढ लागला की दम लागतो. जहाज जुनो, स्कॅगवे आणि केचिकन या बंदरांत थांबणार, एक दिवस ग्लेशियर बेमध्ये फिरणार आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागणार. क्रूझ कंपनीच्या यादीतल्या ‘ईझी’ शिक्क्याच्या सहली प्रत्येक बंदरावर चौघांसाठी घेतल्या तर बेरीज ३,००० डॉलरच्या वर जातेय. काय घ्यावं, काय सोडावं?

मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर शोर एक्सकर्शनच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या, काउंटरवर काम केलंय आणि त्यातले अनेक उन्हाळे अलास्कात गेलेत. म्हणून आधी निर्णय सांगतो, मग कारणं. चौघांनी मिळून पैसे एकाच सहलीवर घाला: जुनोची व्हेल बघायची बोट, शक्यतो मेंडेनहॉल ग्लेशियरसह. स्कॅगवेला फक्त आई-बाबांना आगगाडीत बसवा. केचिकन पायी आणि गावच्या बसने बघा. व्हिक्टोरियात काहीही बुक करू नका. ग्लेशियर बेचा दिवस तर तिकिटातच आलेला आहे.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोक तो विसरून खर्च करतात. ग्लेशियर बेमध्ये कुणी उतरतच नाही. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. नॅशनल पार्कचे रेंजर सकाळी जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि जागच्या जागी वळतं, त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. बाल्कनी नसली तरी बिघडत नाही. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो, त्याचा आवाज मेघगर्जनेसारखा उशिराने येतो, आणि हे सगळं बाबा डेकवरच्या खुर्चीत, पायावर ब्लँकेट घेऊन बघू शकतात. प्रवासातला सगळ्यात भव्य दिवस बिनखर्चाचा आणि बिनकष्टाचा आहे, हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीच्या बंदरांवर ‘काहीतरी मोठं करायलाच हवं’ ही घाई आपोआप कमी होते.

आता त्या ‘ईझी’ शिक्क्याबद्दल. कंपन्या तो देतात तेव्हा मुख्यतः चालण्याचं अंतर आणि चढ बघतात. गुडघेदुखीच्या माणसाला मात्र चालण्यापेक्षा उभं राहणं जड जातं. दोनशे मीटर सपाट चालणं बाबांना जमेल, पण डॉकवर पावसात गटाचा नंबर पुकारेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं उभं राहणं, मग बसच्या उंच पायऱ्या, मग गाइड एका जागी थांबून बोलतोय म्हणून पुन्हा उभं राहणं, यातच त्यांचा दिवस संपतो. त्यामुळे काउंटरवर ‘सोपी आहे का?’ असं विचारू नका, त्यावर ‘हो’ हेच उत्तर मिळेल. वाहनात चढायला किती पायऱ्या आहेत, सलग किती वेळ उभं राहावं लागेल आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. लिफ्टची बस हवी असेल तर तीही मिळते, पण आधी कळवावं लागतं. त्या सकाळी डॉकवर मागून मिळत नाही. वर्णनात लिहिलेल्या तासांत बसचा प्रवास धरलेला असतो, हेही लक्षात ठेवा. साडेतीन तासांच्या सहलीत प्रत्यक्ष बघायला दीड-दोन तास मिळतात.

जुनोत व्हेलची बोटच का, तर हंपबॅक व्हेल इतक्या खात्रीने दिसण्याच्या जागा जगात थोड्या आहेत आणि उन्हाळाभर ते तिथल्या पाण्यात खायला आलेले असतात. बोटी गावातून नाही, ऑक बे नावाच्या बंदरातून सुटतात. डॉकवरून बसने साधारण अर्धा तास. पाणी बेटांच्या आडोशाचं असल्याने मोठ्या लाटा सहसा नसतात. तरी मळमळीचा त्रास असेल तर गोळीबद्दल घरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दर माणशी साधारण १५० ते २०० डॉलरच्या घरात असतात; ग्लेशियरही जोडला तर थोडे वाढतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. छोटी, महागडी, ‘मोजक्याच प्रवाशांची’ बोट घेतली तर व्हेल जवळून दिसेल या समजुतीने लोक जास्त पैसे देतात. अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्डांच्या आत बोट न्यायला कायद्याने बंदी आहे. छोटी बोट असो की मोठी, अंतर तेच. आई-बाबांसाठी उलट मोठी कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची रुंद बोट, चांगली: आत हीटर असलेली बंद केबिन, मोठ्या काचा, टेबलाशी बसायची सोय आणि बोटीवरच स्वच्छतागृह. छोट्या बोटींत यातलं स्वच्छतागृह कधीकधी नसतं, आणि तीन तासांच्या थंडीत ज्येष्ठांना तेच सगळ्यात आधी लागतं.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते, ती म्हणजे ओहोटी. आग्नेय अलास्कात भरती-ओहोटीतला फरक मुंबईहून जास्त असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर वीस फुटांपर्यंत जातो. बोटी तरंगत्या धक्क्याला बांधलेल्या असतात आणि रस्त्यावरून त्या धक्क्यावर उतरायला अॅल्युमिनियमचा लांब रॅम्प असतो. भरतीला तो जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला तोच रॅम्प घाटासारखा उतरता होतो, पावसाने ओला असतो, आणि परत येताना तो चढायचा असतो, तोही तीन तास बसून गुडघे आखडल्यावर. आईंचा दम आणि बाबांचा गुडघा दोघांची परीक्षा इथेच होते. म्हणून बुकिंग करण्याआधी अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेच्या, म्हणजे ‘नोआ’च्या संकेतस्थळावर जुनोचं त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक बघा. ते फुकट असतं आणि खूप आधीपासून उपलब्ध असतं. दुपारची आणि संध्याकाळची अशा दोन फेऱ्या मिळत असतील तर ज्या फेरीची परतीची वेळ पूर्ण ओहोटीवर येत नाही ती घ्या. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी एवढं आवर्जून करावं. रॅम्पला दोन्ही बाजूंना कठडे असतात, घाई कुणी करत नाही, आणि शेवटी उतरलं तरी जागा जात नाही.

मेंडेनहॉल ग्लेशियर बोटीला जोडून घ्या म्हणतो त्याचं कारण वाहतूक. ग्लेशियर गावापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. तिथे जाणाऱ्या शटल बसचं जाण्या-येण्याचं तिकीट ४५-५० डॉलरच्या आसपास पडतं, आणि व्यावसायिक बसना परवान्यांची मर्यादा असल्याने गर्दीच्या दिवशी तिकिटं संपतात. गावची सिटी बस २ डॉलरमध्ये त्या दिशेला नेते, म्हणून इंटरनेटवर स्वस्तातला उपाय म्हणून तिचं नाव बरेच जण घेतात. पण ती बस ग्लेशियरपर्यंत जात नाही. शेवटचे सुमारे दोन-अडीच किलोमीटर चालावे लागतात आणि तेवढेच परत. तरुणांसाठी उत्तम, तुमच्या आई-बाबांसाठी चुकीची बचत. जोडसहलीत बस थेट दारात सोडते.

तिथे पोहोचल्यावर मात्र कष्ट नाहीत. फोटो पॉइंटची वाट अर्ध्या किलोमीटरची, फरसबंद आणि व्हीलचेअर जाईल अशी आहे. शेवटाला समोर तळं, तळ्यात तरंगते हिमखंड आणि पलीकडे ग्लेशियर. जवळच स्टीप क्रीकवर लाकडी पुलासारखी उंचावरची वाट आहे. जुलैच्या उत्तरार्धात तिथे सॉकआय जातीचे लालभडक सॅमन अंडी घालायला चढून येतात आणि त्यांच्या मागे काळी अस्वलं. कठड्याला टेकून खाली बघितलं की पायाखालच्या हातभर खोल पाण्यात मासे प्रवाहाविरुद्ध शेपूट मारत जागच्या जागी उभे दिसतात. वेळ कमी असेल तर व्हिजिटर सेंटरमधला माहितीपट सोडा, पण ही वाट सोडू नका. नगेट फॉल्स धबधब्याची वाट जाऊन-येऊन तीन किलोमीटरहून थोडी जास्त आणि बरीचशी सपाट आहे. तिथे तुम्ही दोघं जा, आई-बाबांना बाकावर बसवून. एक सूचना: अस्वलांमुळे या वाटांवर पाण्याखेरीज काहीही खायला-प्यायला न्यायचं नाही. चिवड्याचा डबा बसमध्येच राहू दे.

या ग्लेशियरबद्दल मला मनापासून वाटतं की जमत असेल त्याने तो आत्ताच बघावा. तो झपाट्याने मागे सरकतोय. १९६२ मध्ये बांधलेल्या व्हिजिटर सेंटरसमोर बर्फाची जी भिंत होती ती आज तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेली आहे.

ही सहल क्रूझ कंपनीकडून घ्यावी की बाहेरून? कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरच्या सहलीला थांबत नाही. काउंटरवर आम्ही हेच सांगायचो आणि ते खरंच आहे. पण जुनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही, शहराचे रस्ते थोडक्यात संपतात, वाहतुकीची कोंडी जवळजवळ नसते, आणि तिथले बोटवाले जहाजांच्या वेळापत्रकावरच जगतात. तिथे स्थानिक कंपनीकडून थेट बुक करायला मी कचरत नाही. चौघांमागे चांगला फरक पडतो. अट एकच: ‘सगळे जहाजावर’ या वेळेच्या किमान दीड तास आधी सहल डॉकवर परत यायला हवी. आणि घड्याळ जहाजाचं पाळा. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. फोन कधी कोणत्या टॉवरची वेळ पकडेल याचा भरवसा नसतो.

स्कॅगवेची गोष्ट वेगळी आहे. तिथली व्हाइट पास अँड युकॉन रूट ही अरुंद रुळांची गाडी १८९८ ते १९०० या काळात, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेल्या लोकांसाठी डोंगर फोडून बांधली. शिखरापर्यंत सुमारे २० मैलांत ती जवळजवळ ३,००० फूट चढते, आणि जाऊन-येऊन पावणेतीन-तीन तास लागतात. कमी श्रमाची याहून चांगली सहल अलास्कात मला माहीत नाही. गाडी डॉकजवळूनच सुटते, डब्यात हीटर आणि स्वच्छतागृह असतं, पाऊस असो की धुकं ती रद्द सहसा होत नाही, आणि सगळं खिडकीतून दिसतं: दऱ्या, लाकडी पुलांचे सांगाडे, सोनं शोधायला निघालेल्यांची जुनी पायवाट आणि जिथे सुमारे ३,००० घोडी-खेचरं ओझ्याखाली मेली ती ‘डेड हॉर्स गल्च’ घळ. कॅनडाच्या हद्दीवर प्रत्येकाकडे वर्षभराचा शिधा, म्हणजे जवळपास टनभर सामान, असल्याशिवाय पोलीस पुढे सोडत नसत. ते सामान माणसांनी आणि जनावरांनी याच डोंगरातून खेपा घालत नेलं. खिडकीबाहेरचा उतार बघताना हे माहीत असलं की ती पायवाट नुसती रेघ राहत नाही. वर जाताना डावी बाजू चांगली. शिखरावरून परतताना प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, म्हणून उजवीकडे जागा मिळाली तरी हिरमुसू नका. डब्याच्या पायऱ्या उंच असतात. लिफ्टचा डबा हवा असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

तिकीट माणशी १५० डॉलरच्या आसपास आहे. चौघांचं काढायची गरज नाही. आपल्याकडे सहल म्हटली की सगळ्यांनी एकत्रच जायचं असं धरून चालतो, आणि त्यामुळे एक तर आई-बाबा ओढले जातात किंवा मुलं बांधून पडतात. ही गाडी जिथून सुटते तिथेच परत येते, वाटेत उतरायचं नसतं, हरवण्याचा प्रश्न नाही. आई-बाबांना डब्यात बसवा आणि तेवढ्या वेळात तुम्ही दोघं लोअर ड्यूई लेकची चढण करून या, ती फुकट आहे. नंतर चौघं मिळून ब्रॉडवे या मुख्य रस्त्यावर फिरा. गाव सपाट आणि चिमुकलं आहे. नॅशनल पार्कचं व्हिजिटर सेंटर आणि जुन्या इमारतींमधली प्रदर्शनं बिनतिकिटाची आहेत, रेंजर पायी फिरवतात तेही मोफत. डॉकपासून गावापर्यंत चालायचं नसेल तर गावची छोटी बस थोडक्या पैशांत नेते. काही वर्षांपूर्वी दरडी कोसळल्यापासून तिथल्या रेल्वे डॉकच्या एका भागाच्या वापरावर निर्बंध आले आणि कधीकधी प्रवाशांना छोट्या टेंडर बोटीने उतरवलं जातं. तसं असेल तर टेंडरची पायरी हलती असते. बाबांना खलाशाचा हात धरून उतरू द्या, स्वतः पकडायला जाऊ नका. खलाशांना तेच काम शिकवलेलं असतं.

स्कॅगवेत एक सावधगिरी मात्र हवीच. ‘समिट एक्सकर्शन’ नावाची फेरी शिखराला वळसा घालून परत येते, कुणी उतरत नाही. पण युकॉन, कारक्रॉस, झुलता पूल, एमराल्ड लेक अशा सगळ्या सहली कॅनडात शिरतात. भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागतो. तसाही तो तुमच्या आई-बाबांना लागणारच आहे, आणि तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुम्हालाही. १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिएटलहून निघून सिएटललाच प्रवासी उतरवायचे असतील तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं; व्हिक्टोरियाचा थांबा त्यासाठीच असतो. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे कारण चालत नाही, व्हिसा नसेल तर सिएटलमध्येच जहाजावर चढू देत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसातून सूट आहे, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही बघून घ्या. सहलींचा विचार करण्याआधी हे काम हातावेगळं करा.

केचिकनमध्ये पाऊस गृहीत धरा. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, मुंबईहून बराच जास्त, फक्त थंडगार. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट जॅकेट आणि न घसरणारे बूट कामाचे, कारण क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांब रोवून उभारलेली लाकडी वाट आहे आणि ओल्या फळ्या घसरतात. डॉकपासून ती दहा-पंधरा मिनिटांवर, सपाट. जुलैअखेर ओढ्यात सॅमन येऊ लागलेले असतात. मग उन्हाळ्यात गावात फिरणारी मोफत शटल पकडून टोटेम हेरिटेज सेंटरला जा. पावसापासून आडोसा, बसायला जागा आणि एकोणिसाव्या शतकातले मूळ टोटेम खांब, म्हणजे तिथल्या आदिवासींनी कोरलेले उंच लाकडी खांब. ते खांब पूजेचे नाहीत. कुळाची गोष्ट, कुणाची आठवण, कधी कुणाचं थकलेलं देणं त्यावर कोरलेलं असतं. आईंना हे बघताना आपल्या गावाकडचे वीरगळ आठवतील. आणखी उत्साह असेल तर २ डॉलरची बस सॅक्समन गावाला नेते, तिथे टोटेमचं उद्यान आहे. मात्र आधी तुमचं जहाज कुठे लागतं ते तपासा. काही कंपन्यांची जहाजं गावात न लागता उत्तरेला वॉर्ड कोव्हला लागतात आणि तिथून मोफत शटलने गावात यावं लागतं. रांग आणि प्रवास धरून त्यात जाऊन-येऊन दीड तास सहज जातो.

व्हिक्टोरियाला जहाज बहुधा संध्याकाळी लागतं. बुचार्ट गार्डन्स सुंदर आहे, पण आठवड्याच्या शेवटी थकलेल्या पायांनी, बसमध्ये जाऊन-येऊन तासाहून जास्त घालवून, घाईत बघावं असं नाही. डॉकजवळच्या समुद्रभिंतीवर चौघांनी चक्कर मारा, नाहीतर जहाजावर बॅगा भरा.

हेलिकॉप्टरने बर्फावर उतरणं, कुत्र्यांच्या गाड्या, समुद्री विमान या सहलींत श्रम फारसे नसतात, पण माणशी साडेतीनशे-चारशे डॉलरपासून पुढे जातात आणि हवामानाने रद्द होण्याची शक्यता सगळ्यात जास्त यांचीच. तुमच्या बजेटमध्ये त्या बसत नाहीत. खेकड्याच्या आणि सॅमनच्या जेवणाच्या सहली शाकाहारी घरासाठी पैसे वाया.

हिशेब साधारण असा बसतो: जुनोची जोडसहल चौघांची ९०० ते १,०००, दोघांची आगगाडी ३००, केचिकनची बस आणि प्रवेश मिळून ५०, गाइड-चालकांना टिप प्रत्येकी ५ ते १० डॉलर. साडेचौदाशेच्या आत सगळं होतं. जहाजावरून फळं किंवा शिजवलेलं अन्न खाली नेऊ देत नाहीत, पण घरचा कोरडा, पाकीटबंद खाऊ चालतो. तो प्रत्येकाच्या पिशवीत असू द्या.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी व्हिसा, मग भरतीचं वेळापत्रक बघून जुनोची बोट, मग आगगाडी. बोट बाहेरून घेताना ‘जहाज बंदरात आलंच नाही तर पूर्ण पैसे परत’ ही अट लेखी आहे का ते बघा; धुक्यामुळे किंवा वाऱ्यामुळे बंदर वगळलं जाणं अलास्कात अधूनमधून घडतं. कंपनीकडून घेतलेल्या सहली बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येतात, त्यामुळे आगगाडीलाही ही मुभा आहे का ते विचारून ती तिथूनच घेतलीत तर निघायच्या आधी बाबांचा गुडघा कसा आहे ते बघून ठरवता येतं.